पाठिंब्याची भीक

मेस्त्री गेल्यावर अमेरिकेतल्या मराठी मंडळवाल्यांनी माझ्या मुलाकडे निरोप दिला. बाबांना सांगा, मेस्त्रीकाकांवर चार शब्द लिहून द्या, त्यांचे मित्र होते ना. दिवाळी अंकात छापायचंय. फोटो आहे आमच्याकडे, शाल पांघरलेला.

मी सातवी नापास माणूस. एसटीच्या कराड डेपोत छत्तीस वर्षं गाड्यांखाली पाठीवर झोपून काम केलं. माझं अक्षर फक्त माझ्या बायकोला लागायचं आणि ती आता नाही. तरी लिहितो. चांगले शब्द पाहिजे असतील तर ते त्यांनी फोटोखाली स्वतःच लिहावेत. मी बघितलं ते मी लिहिणार. छापायचं तर छापा, नाहीतर तुमच्या ऑफिसात कागद फाडायचं मशिन असतं, त्यात घाला.

२००१ च्या उन्हाळ्यात मी आणि माझी बायको सुशीला, दोघं श्रूजबरीला आमच्या संजयकडे राहायला गेलो. बोस्टनपासून तासाभरावरचं गाव. संजय तिथं कॉम्प्युटरच्या कंपनीत. कायमचं या म्हणाला, गेलो. पहिल्या महिन्यातच कळलं की दिवसभर करायचं काय हा प्रश्न आहे. संजय आणि सूनबाई सकाळी गाड्या घेऊन जायचे ते संध्याकाळी यायचे. रस्त्यावर माणूस नाही. म्हणून आम्ही दोघं चालत गावच्या लायब्ररीत जाऊन बसायचो. वाचायला नाही, माणसं बघायला.

तिथं एक दिवस एका मोठ्या टेबलाखाली दोन पाय दिसले. बूट पॉलिश केलेले, पँटीला इस्त्री. मी बायकोला म्हटलं, "सुशीला, ते म्हातारं पडलं वाटतं."

टेबलाखालून आवाज आला, "पडूक नाय. सांधो बघतंय."

हे मेस्त्री. दत्ताराम मेस्त्री, मूळचे मालवणकडचे, जातीनं आणि धंद्यानं सुतार. बाहेर आले, गुडघे झटकले, टाय सरळ केला आणि म्हणाले, "खिळो नाय मारलेलो. जुना काम हा. बरा हा." लायब्ररीतली बाई लांबून बघत होती. तिला त्यांनी इंग्रजीत काहीतरी सांगितलं, तर ती बाई लाजली. इंग्रजी त्यांचं साहेबासारखं होतं. आमच्याशी पुढं ते पुस्तकातलं मराठीच बोलायचे. मालवणी फक्त लाकडाशी.

वय तेव्हा ऐंशी. उंच, वाळके, ताठ. डाव्या हाताच्या पहिल्या बोटाचं पेर करवतीनं नेलेलं. उजव्या कानावर पेन्सिल, आणि बारा महिने गळ्यात टाय. एकदा अचानक गेलो तर बनियनवर टाय. मी हसलो तर म्हणाले, "जाधवराव, सवय हो. केव्हा बोलावणं येईल सांगता येत नाही." कुणाचं बोलावणं यायचं होतं देव जाणे.

राहायचे मुलीकडे. नलिनी मोठी डॉक्टर, जवळच्याच हॉस्पिटलात. तिचा नवरा वारलेला, मुलं कॉलेजला लांब. मोठं घर, त्यात ही दोघं. घर कुणाचंही असो, मेस्त्री आत गेले की आधी भिंतीवर बोटाचं हाड वाजवायचे आणि म्हणायचे, "पोकळ." संजयच्या नव्या घरात पहिल्यांदा आले तेव्हा चार खोल्या वाजवल्या. पोकळ, पोकळ, पोकळ. संजयचं तोंड एवढंसं झालं. मग जिन्याचा कठडा हलवला, खुर्चीचा मागचा पाय दाबून बघितला, आणि जेवायच्या टेबलाला म्हणाले, "हा भुसा. भुसा दाबून वर कागद चिकटवलाय." पण दुसऱ्या दिवशी हत्यारांची पेटी घेऊन आले आणि घासणारी तीन दारं रंधून नीट करून गेले. चहासुद्धा उभ्यानं प्यायले.

त्यांची आफ्रिकेची गोष्ट मी इतक्यांदा ऐकलीय की मला ती माझीच वाटते. एकोणिसाव्या वर्षी मुंबईहून बोटीनं गेले. इंग्रजांची वसाहत होती. कुठली ते लिहीत नाही, तिथली माणसं अजून असतील. रेल्वेच्या कारखान्यात सुतार म्हणून लागले, मग स्वतःची शेड टाकली. साहेबांच्या बंगल्यांची कपाटं, चर्चची बाकं, कोर्टाचे कठडे. हात एवढा चांगला की गव्हर्नरच्या बायकोनं आरशाची चौकट करायला बोलावलं. पुढं तिथं कौन्सिलची नवी इमारत झाली. कौन्सिल म्हणजे कायदे करायची सभा. तिच्यातली सगळी बाकं मेस्त्रींनी केली. आणि त्याच बाकावर दोन वर्षांनी मेस्त्री मेंबर म्हणून बसले.

हे मी खोटं लिहीत नाही. त्यांच्याकडे फोटो होता. गोऱ्यांची रांग, त्यात दोन-तीन हिंदी माणसं, कडेला मेस्त्री, टाय घातलेला.

निवडून नव्हते आले. नेमले होते. हिंदी व्यापाऱ्यांमध्ये दोन तट होते, रोज भांडणं. गव्हर्नरच्या साहेबानं मेस्त्रींना बोलावून सांगितलं, आम्हाला हिंदी लोकांचा एक शहाणा माणूस पाहिजे. मेस्त्री हे सांगताना छाती काढायचे. मला पहिल्या वेळी कौतुक वाटलं. सातव्या-आठव्या वेळी मला कळलं की त्या साहेबाला न भांडणारा माणूस पाहिजे होता. गाडीला आरसा लावतात तसा. आहे एवढं दिसायला पाहिजे, गाडी त्याच्यानं चालत नाही.

त्या कौन्सिलात बोलायची एक पद्धत होती. साहेबानं ठराव मांडला की बाकीच्यांनी एकेकानं उभं राहून म्हणायचं, "सर, आय बेग टू सपोर्ट." सहा वर्षं मेस्त्री हे वाक्य बोलले. ते त्यांच्या जिभेला असं चिकटलं की घरात, दारात, कुठंही. सुशीलानं विचारलं अजून एक पोळी वाढू, तर "वहिनी, आय बेग टू सपोर्ट." संजय म्हणाला हीटर वाढवू का, "आय बेग टू सपोर्ट." पोरंबाळं हसायची. त्यांचा तो विनोदच झाला होता. मी पण हसायचो. मला इंग्रजी येत नाही, मला वाटायचं ते बॅग म्हणतायत. पिशवी उचलून मदतीला येतो, असं काहीतरी असेल. तीन वर्षं मी तसंच समजत होतो.

पहिल्याच हिवाळ्यात सुशीलाचे पाय सुजायला लागले. ओट्याशी उभं राहवेना. सूनबाई म्हणायची, आई, तुम्ही नका करू, फ्रोझन आणते. पण पोळी ही एकच गोष्ट त्या घरात तिची स्वतःची होती. मेस्त्रींना हे कळलं. म्हणाले, उंच स्टूल करतो, बसून लाटता येईल असं. माप पाहिजे, गुडघ्यापासून टाचेपर्यंत. पण परक्या बाईच्या पायाला हात कसा लावायचा. तर त्यांनी माझ्या हातात दोरी दिली, स्वतः भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि तिकडूनच सांगत होते, दोरी सैल सोडू नका, गाठ मारा. ऐंशी वर्षांचा माणूस, पंधरा मिनिटं भिंतीकडे तोंड करून. स्टूल मेपलच्या लाकडाचं केलं, एक खिळा नाही, पाठीला टेकायला वाकवलेली पट्टी. सुशीला शेवटपर्यंत त्याच्यावर बसली. माणूस वाईट होता असं मी म्हणत नाही. वाईट असता तर मला एवढा संताप आला नसता.

त्या स्टुलावर बसूनच तिनं एकदा त्यांना बोलून दाखवलं. दुपारची वेळ, मेस्त्री जेवायला होते. त्या दिवशी त्यांनी जुमाची गोष्ट काढली. जुमा तिथलाच, काळा, यांच्याच वयाचा सुतार. रेल्वेच्या कारखान्यात मोठे ओंडके दोघांनी मिळून कापायचे, करवतीच्या एका टोकाला मेस्त्री, दुसऱ्या टोकाला जुमा. बारा वर्षं. नंतर यांनी शेड टाकली तशी त्यानंही बाजारात छोटी शेड टाकली. तिकडं कारागिराला फुंडी म्हणतात. दोघं एकमेकांना फुंडी म्हणायचे.

मग कौन्सिलात ठराव आला. काळ्या माणसाला बाजारपेठेत परवान्याशिवाय धंदा करता येणार नाही. आणि परवाना देणार साहेब.

"मग?" सुशीलानं विचारलं. लाटणं चालूच.

"मग काय वहिनी, माझी पाळी आली. उभा राहिलो. आय बेग टू सपोर्ट."

"आणि जुमाची शेड?"

"महिन्यात बंद. पोलिसांनी हत्यारं उचलून नेली. माझ्याकडे आला. म्हणाला, फुंडी, तू पण? मी त्याला माझ्या शेडमध्ये नोकरी देत होतो. आला नाही."

सुशीलानं लाटलेली पोळी तव्यावर टाकली. मेस्त्रींना तेवढं पुरेना, त्यांनी हिशेब समजावून सांगितला. "मी नाही म्हटलं असतं तरी कायदा झालाच असता. तीस मेंबर होते, त्यात मी एकटा. खुर्ची मात्र गेली असती. मग आपल्या लोकांचं कोण बघणार?"

सुशीलानं तव्यावरची पोळी उलटली आणि म्हणाली, "होणारच होता, तर नाही म्हणायला तुमचं काय जात होतं भावजी?"

मेस्त्री हसले. त्यांना वाटलं बाईला राजकारण कळत नाही. मला पण तेच वाटलं. मी रात्री तिला म्हटलं, कशाला लागट बोलतेस. म्हणाली, "मी आपलं विचारलं. त्यांना उत्तर आलं नाही."

पुढच्या वर्षी गणपतीत मंडळानं मेस्त्रींचा सत्कार केला, शाळेच्या जेवणघरात. पुण्याची एक हुशार मुलगी माईकवर. ती म्हणाली, "आफ्रिकेत ब्रिटिशांविरुद्ध लढा देणारे आपले मेस्त्रीकाका." लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. तोच तो शालीतला फोटो. मेस्त्री हात जोडून उभे. परत येताना गाडीत मी विचारलं, "मेस्त्री, तुम्ही लढलात कधी?"

"अहो जाधवराव, शाल गुंडाळल्यावर कसलं भांडण."

मी हसलो. आता त्या हसण्याची लाज वाटते.

२००४ च्या थंडीच्या तोंडाला सुशीलाच्या पोटात गाठ निघाली. पसरलेली. डॉक्टरांनी संजयला सांगितलं, संजयनं मला सांगितलं, मी तिला सांगितलं नाही, पण तिला कळलं. तिनं माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. पन्नास वर्षांच्या संसारात तिनं मागितलेल्या गोष्टी मी बोटांवर सांगीन.

"मला कराडला न्या."

मी म्हटलं, बघू.

"बघू नका, न्या. मला माझ्या अंथरुणात मरायचंय. माझी बहीण आहे, शेजारच्या बायका आहेत. इथं मेले तर रडायला कोण येणार? शनिवार असला तर येतील."

मी संजयकडे विषय काढला तर म्हणाला, बाबा, रविवारी बसून बोलू, नलिनीताईंना पण बोलावतो, त्या डॉक्टर आहेत. मीटिंग म्हणाला तो. आईला कुठं मरायचं याची मीटिंग.

आणि इथं मी माती खाल्ली. मी विचार केला, तिथं सगळे इंग्रजीत बोलणार, औषधांची नावं घेणार, मी काय बोलू. मी नटबोल्टचा माणूस. मेस्त्री सभेत बोललेला माणूस आहे. मी मेस्त्रींकडे गेलो आणि म्हटलं, आमच्या बाजूनं तुम्ही बोला. त्यांनी माझा हात धरला. "जाधवराव, हे माझ्यावर सोडा. वहिनींना घरी नेलंच पाहिजे. मी बोलतो."

घरी येऊन सुशीलाला सांगितलं. ती पडून होती. म्हणाली, "त्यांना कशाला? तुम्ही बोला."

"ते बरोबर बोलतील."

"तुमची बायको मी आहे की त्यांची?"

मी म्हटलं, तुला कळत नाही, तू गप पड. हे माझे शब्द. लिहून ठेवतो.

रविवारी अकरा वाजता सगळे पुढच्या खोलीत बसले. संजय, सूनबाई मेघना, नलिनी, मेस्त्री, मी. सुशीला आतल्या खोलीत, दार उघडं. भिंती पोकळ, तिला सगळं ऐकू येत होतं.

संजय वाईट बोलला नाही. "बाबा, मी नको म्हणत नाही. प्रॅक्टिकली बघा. दोन फ्लाइट्स, अख्खा दिवस. मध्ये आईला काही झालं तर? तिकडे ट्रीटमेंट कुठे घ्यायची? आणि मला सुट्टी मिळणार दोन आठवडे."

नलिनी म्हणाली, "काका, मेडिकली मी रेकमेंड नाही करणार. ट्रॅव्हल रिस्की आहे. इथे पेन मॅनेज करता येईल, मी स्वतः लक्ष घालीन."

मग सगळ्यांनी मेस्त्रींकडे बघितलं. मी पण बघितलं. मेस्त्री उभे राहिले. घरातल्या खोलीत बोलायला कुणी उभं राहतं का? हे राहिले. टायची गाठ वर सरकवली. मला वाटलं, आता. त्यांनी संजयकडे बघितलं, मग आपल्या मुलीकडे. जरा वेळ तिच्याकडेच बघत राहिले.

"संजय विचार करून बोलतोय. नलू डॉक्टर आहे, तिच्यापेक्षा आपल्याला जास्त कळत नाही." आणि मग म्हणाले, "सर, आय बेग टू सपोर्ट."

आणि सगळे हसले. मोठ्यानं नाही, थोडंसं. त्यांचा नेहमीचा विनोद होता ना. खोलीतला ताण गेला. संजयनं सुस्कारा सोडला. मेघना उठली आणि चहा घेऊन आली.

मी चहा प्यायलो.

बाहेर गाडीपाशी मी मेस्त्रींना गाठलं. नलिनी अजून आत होती. म्हटलं, "हे काय केलंत?"

"जाधवराव, त्यांचं आधीच ठरलेलं होतं. मी नाही म्हणून थांबलं असतं का?"

"तुम्ही मला शब्द दिला होता."

"मला नलूच्या घरात राहायचंय हो." खाली बघून म्हणाले. "तिनं एक सांगितलं आणि मी चारचौघांत दुसरं बोललो, तर मी जाऊ कुठं? माझं आहे कोण?"

हे खरं होतं. तेवढं एकच वाक्य ते त्या दिवशी खरं बोलले. मी म्हटलं, "परत माझ्या दारात येऊ नका." ते उभेच होते. मी आत आलो.

सुशीलानं विचारलं, "तुम्ही काय बोललात?"

"मी काही बोललो नाही."

तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं. परत कराडचं नाव तिनं कधी काढलं नाही. एकदाही नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या रात्री जेवताना मी मेघनाला विचारलं, ते मेस्त्री म्हणतात ते बॅग टू सपोर्ट म्हणजे काय. ती म्हणाली, "बॅग नाही बाबा, बेग. म्हणजे भीक मागणं. पण ते फॉर्मल असतं, तसा मीनिंग नसतो."

असतो. पाठिंबा द्यायला पण भीक मागायची. साहेब, तुमच्या बाजूनं हात वर करायची मला परवानगी द्या. कुणी मारत नाही, कुणी तुरुंगात टाकत नाही, तरी हा माणूस स्वतः उठून उभा राहतो आणि भीक मागतो. आणि त्या भिकाऱ्याकडे मी माझ्या बायकोची गोष्ट बोलायला दिली. मग मी कोण?

ती अकरा आठवडे जगली. विमानाला एक दिवस लागतो. मी हे गणित रोज करतो. पहिले पाच आठवडे ती काठी धरून न्हाणीपर्यंत जात होती. विमानात बसली असती. मेली असती तर मेली असती, घराकडं तोंड करून मेली असती. नलिनीनं बोलल्याप्रमाणे लक्ष घातलं, रोज यायची, तिच्यावर माझा राग नाही. तिनं तिचं मत दिलं, तोंडावर दिलं.

सुशीला मंगळवारी पहाटे गेली. आणि तिला शनिवारपर्यंत ठेवलं. चार दिवस, बर्फात, कारण शनिवारी हॉल मिळत होता आणि लोकांना सुट्टी होती. तिनं सांगितलंच होतं. शनिवारी आले सगळे. काळे कोट घालून आले, चांदीच्या कागदाखाली पुलाव घेऊन आले. कुणी रडलं नाही, सगळ्यांनी माझा हात दाबला. अग्नी द्यायला एक बटण दाबायचं होतं, ते संजयनं दाबलं. मेस्त्री शेवटच्या रांगेत होते. माझ्याकडे आले नाहीत. बरं केलं.

पुढची तीन वर्षं मी त्यांच्याशी बोललो नाही. लायब्ररीत ते दिसले की मी उठून जायचो. ते एकटेच टेबलावर हात फिरवत बसलेले असायचे. कधी निरोप पाठवायचे मेघनाबरोबर, जाधवरावांच्या कपाटाचं दार लागत नाही ना, येऊन जाऊ का. मी म्हणायचो, लागत नाही तर नाही लागत.

२००८ च्या मार्च महिन्यात, एका संध्याकाळी जेवताना मी संजयला म्हटलं, "मी कराडला जातो. कायमचा." कुणाला मध्ये घातलं नाही, मीटिंग नाही, मीच बोललो. संजयनं घास खाली ठेवला. म्हणाला, "ठीक आहे बाबा. तुम्हाला तसं वाटत असेल तर बुक करतो." आणि बुक केलं.

पाच मिनिटं लागली. त्या रविवारी मी तोंड उघडलं असतं तर पाच मिनिटं लागली असती. कदाचित तो नाही म्हणाला असता. पण मी बोललो असतो आणि दार उघडं होतं, तिनं ऐकलं असतं. मेस्त्रींवरचा माझा राग खरा आहे, तो कमी झालेला नाही. पण आता निम्मा कुणावर आहे ते मला माहीत आहे.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी नलिनीची गाडी आमच्या दारात लागली. ती मेघनाला काही औषधं द्यायला आली होती, माझ्या प्रवासासाठी. मी बाहेर पायरीवर बसलो होतो. मागच्या सीटवर मेस्त्री. ते दार उघडून उतरले. खूप खंगलेले. टायची गाठ सैल, कॉलरच्या आत गळा वाळलेला. माझ्यापर्यंत यायला त्यांना वेळ लागला. मी उठलो नाही.

"जाधवराव, मला पण न्या."

मला वाटलं चेष्टा करतायत. बघितलं तर डोळ्यांत पाणी.

"कुठं नेऊ? मालवणला कोण आहे तुमचं?"

"कोणी नाही. तुमच्या पडवीत झोपेन. दारं-खिडक्या नीट करून देईन. इथं ती मला होममध्ये ठेवणार आहे. म्हाताऱ्यांच्या. पुढच्या महिन्यात." माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्ही बोला नलूशी. तुम्ही बाहेरचे, तुमचं ऐकेल ती."

मी त्यांचा हात खांद्यावरून काढला. "तुम्ही बोला. तुमची मुलगी आहे. तोंड आहे ना तुम्हाला?"

तेवढ्यात नलिनी आतून आली. किल्ली वाजवत. दमलेली होती, हॉस्पिटलातून तशीच आलेली. म्हणाली, "पप्पा, कोटाशिवाय काय उभे राहिलात? बसा आत." मेस्त्री तिच्याकडे वळले. ओठ हलले त्यांचे. मी तीन पावलांवर होतो. मी वाट बघत होतो, देवाशपथ सांगतो, त्यांनी एक शब्द काढला असता तर मी पुढचा बोललो असतो.

ते गाडीत जाऊन बसले. नलिनीनं वाकून त्यांचा पट्टा लावला.

"काय म्हणत होता काकांना?"

"काही नाही गो," मेस्त्री म्हणाले. "हॅपी जर्नी म्हणत होतो."

तिनं दार लावलं, मला नमस्कार केला, गाडी मागं घेतली. काचेतून ते माझ्याकडे बघत होते, वळण येईपर्यंत. मी पायरीवर बसून राहिलो. मीही तिला काही बोललो नाही.